‘वीक’चा पूर्वपक्ष

माझी थोरली बहीण एकतीस वर्षे वेताच्या कारखान्यात विणकाम करते आहे. या एकतीस वर्षांत ती सुट्टीचा भोंगा वाजण्यापूर्वी घरी आल्याचे मला आठवत नाही. त्या मंगळवारी मात्र ती पाऊण तास आधी आली, खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“काय झालं, अक्का?” मी विचारले.

“काही नाही. पुढच्या सोमवारपासून मी चिठ्ठ्या बांधणार.”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“तयार मालाला बांधतात त्या. दोरा ओवायचा, गाठ मारायची. तुलासुद्धा जमेल, पंडिता.”

मी एका शब्दकोशाच्या कार्यालयात छापून आलेली पाने चुकांसाठी तपासतो. एवढ्या कारणावरून अक्काने मला हे नाव लहानपणीच्या नावाच्या जागी कायमचे चिकटवले आहे. त्या नावाने ती मला एरवी हसत हाक मारते. त्या दिवशी ती हसली नाही.

हकीकत अशी होती. कारखान्यात दोन महिन्यांपूर्वी नवा मॅनेजर आला होता. त्याने एक डॉक्टर बोलावला आणि डॉक्टरने पकड मोजण्याचे एक यंत्र आणले. लोखंडी दांडा मुठीत धरून आवळायचा, की वरच्या तबकडीवर काटा फिरतो. वीसच्या आकड्यावर लाल रेघ मारलेली होती. अक्काचा काटा अठरावर थांबला. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दोन वर्षांपासून दुखतो, आणि अठरा म्हणजे अठरा. आकडा लिहून डॉक्टर थांबला असता, तर माझी काहीही तक्रार नव्हती. आकडा जे मोजतो तेवढेच सांगतो, त्यापुढे त्याचे तोंड बंद असते. परंतु डॉक्टरने तो आकडा लिहिलाच नाही. त्याने अक्काच्या नावापुढच्या चौकोनात लाल शाईने एकच शब्द लिहिला: ‘वीक’.

“पकड वीक, असं लिहिलं?” मी विचारले.

“नुसतं वीक. मी पाहिलं ना.”

“म्हणजे कोण वीक? हात, अंगठा, डोळे, अक्कल? काय वीक आहे, हे लिहायला नको?”

“चौकोन लहान होता,” अक्का म्हणाली.

या शब्दाविषयी माझा राग जुना आहे. आपल्या भाषेत दुबळा आहे, अशक्त आहे, नाजूक आहे, क्षीण आहे, कच्चा आहे, लेचापेचा आहे. यांतला प्रत्येक शब्द काय कमी आहे आणि कितपत कमी आहे हे सांगतो, म्हणून तो वापरणाऱ्याला क्षणभर तरी विचार करावा लागतो. ‘वीक’ला हा जाच नाही. आमच्याकडे आता चहा वीक असतो, मुलगा गणितात वीक असतो, फोनचा सिग्नल वीक असतो, तापातून उठलेल्याला वीकनेस असतो आणि गोड खाणे हाही एखाद्याचा वीकनेस असतो. सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली माणसाने खिशात घेऊन फिरावे, तसा हा शब्द आपण फिरवतो. अशा किल्लीने उघडलेले दार कुणाचे होते, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आणि दार अक्काचे होते. कारखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली एक लांब बाक आहे. तिथे पाळणे विणले जातात. तान्ह्या मुलांचे पाळणे. प्रसूतिगृहे ते घेतात. पाळण्याच्या डोक्याकडच्या बाजूला वेताचे छत असते आणि ते छत वळवणे हे त्या कारखान्यातले सर्वांत अवघड काम. अक्का त्या बाकावर एकोणीस वर्षे बसली आहे. आता तिच्या जागी ज्याला बसवायचे ठरले होते, त्याला सगळे ‘पैलवान’ म्हणतात. त्याचा काटा बावन्नवर गेला होता. चिठ्ठ्या बांधायचे टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीत आहे. तिथे खिडकी नाही, वेत नाही, पाण्याचा हौद नाही. अक्काला पगार तोच मिळणार होता. मॅनेजरने ते तिला दोनदा सांगितले होते, जणू तक्रारीला तेवढी एकच जागा असते.

त्या संध्याकाळी जेवताना मी तिला त्या शब्दाचे मूळ सांगितले. मला तो दिलासा वाटला होता. इंग्रजांनी हा शब्द उत्तरेकडून गलबतांतून आलेल्या लोकांच्या बोलीतून उचलला, असे कोशकार मानतात. इंग्रजांचा स्वतःचा, त्याच घराण्यातला एक जुना शब्द होता. पाहुण्याने त्याला हुसकावले. जर्मन भाषेत याच घराण्यातल्या शब्दाचा अर्थ आजही मऊ असा होतो. आणि सगळ्यांच्या मुळाशी जो धातू आहे, त्याचा अर्थ वाकणे, वळणे. वेताच्या आणि विलो नावाच्या झाडाच्या फांद्यांच्या विणकामाला इंग्रजीत ‘विकर’ हा जो शब्द आहे, तोही त्याच धातूचा नातेवाईक.

“म्हणजे तो शब्द आमच्याच कारखान्यातला की रे,” अक्का म्हणाली.

“तेच तर म्हणतोय मी! जे वाकतं, ते वीक. मोडतं ते नव्हे. हजार वर्षांत अर्थ घसरत घसरत इथवर आला, आणि ह्या डॉक्टरानं तो तुझ्या नावापुढे ठेवला.”

“मग त्या डॉक्टरला सांग. मला सांगून माझी जागा मिळणार आहे का?”

मी मॅनेजरला पत्र लिहायचे ठरवले.

दोन संध्याकाळी खपून मी सहा पानांचे पत्र लिहिले. ज्या गद्यावर माझे मन पोसले गेले, त्याची एक शिस्त आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे, आणि तो स्वतः मांडू शकला असता त्याहून समर्थपणे मांडावे. हा पूर्वपक्ष. त्यानंतर त्याचा एकेक मुद्दा घेऊन खंडन करावे. कमकुवत पूर्वपक्ष उभा करून त्याला लोळवणे हे मी नेहमीच हलकेपणाचे मानत आलो आहे. म्हणून पहिले संपूर्ण पान मी मॅनेजरच्या बाजूने लिहिले, आणि सांगायला लाज वाटते, पण ते सहांपैकी सर्वांत चांगले उतरले. दुसऱ्या पानाची सुरुवात ‘परंतु’ने होत होती. तिसऱ्यावर यंत्राची चिकित्सा होती, चौथ्यावर शब्दाचे मूळ, पाचव्यावर त्याचे आजचे अर्थ आणि सहाव्यावर निष्कर्ष: अक्काची जागा बदलू नये.

“काय लिहिलंस?” गुरुवारी सकाळी निघताना अक्काने विचारले.

“सगळं.”

“सगळं नको. पाहिजे तेवढंच लिही.”

मी पाकीट बंद केलेले होते. ते तिच्याच हाती दिले.

शुक्रवारी दुपारी मी कार्यालयातून दोन तासांची रजा काढून कारखान्यात गेलो. मॅनेजरची खोली काचेची आहे. बाहेर हौदात भिजत घातलेल्या वेतांचा ओला, मातकट वास होता. आत फवारलेल्या अत्तराचा. मॅनेजर उठून उभा राहिला, त्याने माझा हात हातात घेतला आणि खूप वेळ सोडला नाही.

“साहेब, तुमचं पत्र वाचलं. खरं सांगतो, घरच्या माणसाकडून इतकं समजूतदार पत्र मला आजवर आलं नव्हतं.”

मला बरे वाटले. फार तर चार श्वास घेण्याइतका वेळ बरे वाटले.

“नाहीतर बाकीचे येतात, भांडतात. तुम्ही मात्र आमची बाजू अशी मांडलीत, की मी ती वर पाठवायच्या अहवालात जशीच्या तशी घेतली.” त्याने अक्काची फाइल उघडली. तीत माझे पहिले पान लावलेले होते आणि त्यावरची एक ओळ पिवळ्या शाईने रंगवलेली होती. मॅनेजरने ती मोठ्याने वाचली: “‘ज्या हातांची पकड सैल झाली आहे, त्या हातांवर तान्ह्या मुलांचे पाळणे सोपवणे म्हणजे त्या मुलांच्या जिवाशी खेळणे होय.’ वा! हे आम्हाला सुचलं नसतं.”

“अहो, ते माझं मत नाही!”

“अक्षर तुमचंच आहे ना?”

“अक्षर माझं आहे, म्हणणं तुमचं आहे! तो पूर्वपक्ष आहे.”

“कोणता पक्ष?” त्याचा चेहरा पडला. “हे बघा, पक्षबिक्ष आपल्याला कारखान्यात नको.”

“पुढची पाच पानं वाचलीत का तुम्ही?”

“मुद्दा पहिल्या पानावर आलाच होता की. पत्रात मुद्दा पहिल्या पानावर असतो, साहेब. पुढे सगळे आपले नमस्कार-चमत्कार.”

“कुठे आहेत ती पानं?”

तो थोडा ओशाळला. मग त्याने टेबलाखाली पाहिले. मीही वाकून पाहिले. माझी पाच पाने, चार घड्या घालून, टेबलाच्या डाव्या मागच्या पायाखाली बसवलेली होती.

“हा पाय जरा वीक आहे,” मॅनेजर म्हणाला.

त्यानंतर मी त्याला काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते व्याकरणशुद्ध होते एवढेच सांगतो. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तो शांतपणे म्हणाला, की सोमवारची यादी लागली आहे, भाऊ म्हणून माझी तळमळ त्याला कळते, आणि चहा घेणार का. चहा मी घेतला नाही.

संध्याकाळी कार्यालयातून घरी आलो तर अक्का माझ्याआधीच आलेली. मॅनेजरने सकाळी तिला बोलावून ते पान दाखवले होते.

“तुझं अक्षर मी ओळखते,” ती म्हणाली. “मीच गिरवून घेतलंय ते.”

“अक्का, आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं असतं—”

“मांडलंस ना. फार छान मांडलंस. मुलांच्या जिवाशी खेळणं! एकोणीस वर्षं पाळणे करते मी. माझ्या तोंडावर हे बोलायची त्या मॅनेजरची छाती नव्हती रे. शब्द त्याच्याकडे नव्हते. ते तू दिलेस, घरपोच.”

“पुढच्या पानावर मी प्रत्येक शब्द खोडून काढलाय!”

“पुढचं पान कुणी वाचायचं? मी? मला माहीत नाही का माझे हात कसे आहेत ते?” तिने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून चकाकत होता. “आधी त्यांचं घर बांधायचं, रंग द्यायचा, पडदे लावायचे आणि मग म्हणायचं, आता मी हे पाडतो. तोवर ते राहायला आले ना त्यात!”

मी माघार घेतली. वादात माझ्यावर ही पाळी क्वचित येते.

अक्का मात्र थांबली नव्हती. “तो शब्द कुठून आला, हे तू आठशे पानं चाळून शोधलंस. माझे पाळणे कुठे जातात आणि कुठून परत येतात, हे कधी विचारलंस एकदा तरी?”

“कुठून परत येतात?”

“येत नाहीत,” अक्का म्हणाली.

मी विचारले, “हे कुणाला सिद्ध करता येईल?”

“वैद्यबुवांना.”

वैद्यबुवा म्हणजे कारखान्यातले दुरुस्तीचे म्हातारे कारागीर. मोडलेला माल बरा करतात म्हणून हे नाव. शनिवारी सकाळी मी त्यांच्या शेडमध्ये उभा होतो. भिंतीला लागून गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल रचलेला होता: टोपल्या, खुर्च्यांच्या पाठी, आणि एका बाजूला पाळणे.

“अक्काबाईंचे भाऊ का तुम्ही? पत्रवाले?” वैद्यबुवांनी विचारले. पत्राची कीर्ती शेडपर्यंत पोचलेली होती. “या. बसा. नाहीतर नका बसू, खुर्च्या सगळ्या मोडक्या आहेत.”

“यांतले पाळणे कुणी विणले, हे कळतं का?”

“चिठ्ठीवर नुसती तारीख असते. नाव लिहायची पद्धत नाही इथे. पण बूड बघितलं की कळतं.” त्यांनी एक पाळणा उलटा केला. बुडाच्या मध्यातून वेताचा फेर गोल गोल बाहेर निघाला होता. “हा बघा, उजवीकडे फिरतो. सगळे उजव्या हातानं विणतात, सगळ्यांचा फेर असाच. तुमची अक्का डावखुरी. तिचा फेर उलटा. अख्ख्या कारखान्यात उलटा फेर तिचा एकटीचा.”

मी कोट काढला आणि पाळणे उलटे करू लागलो. हे काम मला येते. आयुष्यभर मी हेच करत आलो आहे: एकामागून एक पान घ्यायचे, नजरेला घाई करू द्यायची नाही, सापडावे अशी इच्छाही धरायची नाही. वर्षभरात परत आलेले सव्वीस पाळणे तिथे होते. सव्वीसही मी दोनदा पाहिले. एकाचाही फेर उलटा नव्हता.

“वर्षभरात विकलेल्या पाळण्यांपैकी अक्काचे किती असतील?” मी विचारले, कारण तिने थोडेच विणले असतील, तर या शून्याला अर्थ नव्हता.

“निम्मे. जास्तच. बाकावर दोघंतिघंच तर असतात.”

“आणि हे मोडले कुठे?”

त्यांनी पाळण्याच्या छतावर बोट ठेवले. जिथे वेत वळला होता, बरोबर तिथे तो चिरला होता. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच. “ओला असताना दणकून ओढतात. तेव्हा बघायला काय छान दिसतं! सुकला की आकसतो आणि तडकतो. तुमची अक्का ओढतच नाही. नुसतं धरते, वेत आपला आपण वळतो. तो काटाबिटा काय मोजणार हे?” ते थांबले. “आता सोमवारपासून पैलवान येतोय बाकावर. मला एक मदतनीस द्या म्हणावं.”

“हे तुम्ही मॅनेजरला का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलं?” वैद्यबुवा म्हणाले.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो. त्या शनिवार-रविवारी केले तेवढे अवघड लेखन मी कधी केलेले नाही. पहिल्या ओळीत निष्कर्ष लिहिणे म्हणजे मला अंगात सदरा न घालता बाजारात जाण्यासारखे वाटत होते. दर वेळी हात ‘असे म्हणता येईल की’कडे वळे आणि दर वेळी भाजी निवडता निवडता अक्का विचारी, “किती ओळी झाल्या?” शेवटी चार ओळी राहिल्या. अक्काला पाळण्याच्या बाकावरून हलवू नये. वर्षभरात परत आलेल्या सव्वीस पाळण्यांत तिचा एकही नाही; विकलेल्यांत निम्म्याहून अधिक तिचे आहेत. तिचा फेर उलटा असतो, तो दुरुस्तीच्या शेडमध्ये कुणालाही पाहता येईल. आपण आज सकाळी पाहावा.

या वेळी पत्र अक्काने आधी वाचले. “हं,” ती म्हणाली. तिच्याकडून एवढी दाद मला शाळेत पहिला आलो तेव्हाही मिळाली नव्हती.

सोमवारी भोंग्याच्या आधी मी मॅनेजरच्या दारात होतो. त्याने पत्र उभ्यानेच वाचले. तेवढेच ते होते. मग तो शेडकडे चालू लागला. तिथे त्याने स्वतः पाळणे उलटे केले, पहिले पाच सावकाश आणि पुढचे भराभर. सव्विसावा खाली ठेवून त्याने हात झटकले.

“म्हणजे यंत्र बिघडलंय म्हणता?”

“यंत्र ठीक आहे. आज धरलं तरी अठराच दाखवील.”

“मग?”

“मग काही नाही. पाळणे परत येत नाहीत.”

त्याने वैद्यबुवांकडे पाहिले. वैद्यबुवांनी आढ्याकडे पाहिले. भोंगा वाजला तसे आम्ही बाहेर आलो. अक्का पिशवी घेऊन दोन दारांच्या मध्ये उभी होती: एक खिडकीच्या बाकाकडे जाणारे, दुसरे मागच्या खोलीकडे. मॅनेजर तिला म्हणाला, “जा, बसा तुमच्या जागेवर,” आणि वळला. माफीचा शब्द नव्हता. अक्काने तो मागितलाही नाही. ती बाकावर बसली, हौदातून एक वेत उचलला आणि पाणी निथळू दिले.

मी मात्र निघालो नाही. मी मॅनेजरच्या मागोमाग काचेच्या खोलीत गेलो.

“ती नोंद खोडा.”

“डॉक्टरची नोंद मला खोडता येत नाही. शेजारी लिहून देतो.” त्याने लाल ‘वीक’च्या शेजारी निळ्या शाईने ‘जागा बदलू नये’ असे लिहिले. चौकोन खरोखरच लहान होता. अक्षरे रेघेबाहेर गेली.

“मग माझं पहिलं पान परत द्या.”

“फाइलला लागलेला कागद काढता येत नाही, साहेब. नियम आहे.”

“माझ्या बहिणीच्या फाइलमध्ये, माझ्या अक्षरात, ती मुलांच्या जिवाशी खेळते असं कायमचं राहणार?”

“तुम्हीच लिहिलंय,” तो म्हणाला. माणसाचा सर्वांत चांगला परिच्छेद त्याच्या विरुद्ध साक्षीला उभा राहावा, ही शिक्षा मी तरी कुणाला केली नसती.

मी गुडघे टेकले. टेबलाच्या डाव्या मागच्या पायाखालून माझी पाच पाने ओढून काढली. टेबल कलले, पेनांचा डबा घरंगळला, मॅनेजर “अहो, अहो!” म्हणाला. घड्या उलगडून, पाने हाताने सपाट करून, कोपऱ्यात दोन ते सहा आकडे घालून मी ती त्याच्यापुढे ठेवली.

“कागद काढता येत नाही. लावता येतो ना?”

तो माझ्याकडे आणि कललेल्या टेबलाकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग त्याने भोके पाडायचे यंत्र पुढे ओढले.

संध्याकाळी अक्का कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती. “त्या शब्दाचं पान कितवं?” तिने विचारले. “वाच बघू. कुणीच वाचलं नाही म्हणतोस ते.”

माझ्याजवळ कच्चा मसुदा होता. मी चौथे पान वाचले: गलबते, हुसकावलेला जुना शब्द, वाकणे, वळणे, वेत. मी ते चांगले वाचतो. अक्काने शेवटपर्यंत मधे तोंड घातले नाही.

“चूक आहे,” ती म्हणाली.

“काय चूक आहे? तीन कोश पडताळून पाहिलेत मी!”

“वेत वाकतो म्हणतोस, तो असाच वाकत नाही. सुका वाकवलास तर काडकन मोडेल. चार तास भिजवावा लागतो. हे कुठे लिहिलंयस?”

मी पान पुन्हा पाहिले. नव्हते लिहिलेले.

मंगळवारी सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी मी कारखान्यात गेलो. खिडकीखालच्या बाकावर अक्का छताचा वेत वळवत होती. तिने मान वर केली नाही. काचेच्या खोलीत टेबलाच्या पायाखाली आता लाकडाची चकती होती. मला पाहताच मॅनेजरने दोन्ही हातांनी टेबल धरले.

“आता काय?”

“फाइल द्या,” मी म्हणालो. “चौथ्या पानाला एक तळटीप राहिली आहे.”